मण, शेर आणि तोंडी हिशेब

गुळाचा भाव मणाला १७ रुपये आहे, तर साडेसात शेर गुळाचे किती झाले? आज आपण मोबाइल काढू. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा दुकानदार पारड्यात गूळ टाकता टाकताच सांगत असे, तीन रुपये तीन आणे. त्याला भागाकार करावा लागत नसे. त्याच्या हाताशी एक किल्ली होती: जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर. मण ४० शेरांचा, रुपया १६ आण्यांचा. ४० ला १६ ने भागले की अडीच येतात. भाव १७ रुपये म्हणजे अडीच शेराला १७ आणे. साडेसात शेर त्याच्या तिप्पट, म्हणून ५१ आणे. ४८ आण्यांचे तीन रुपये झाले, वर राहिले तीन आणे.

किरकोळ गिऱ्हाइकासाठी दुसरी किल्ली होती. शेरात १६ छटाक असतात आणि रुपयात १६ आणे. तेव्हा तूप तीन रुपये शेर असेल तर छटाकभर तुपाला तीन आणे, भाव पाच रुपये झाला तर पाच आणे. सोनाराकडे आणखी एक. तोळ्याचे १२ मासे आणि आण्याच्या १२ पया. एखाद्या जिन्नसाचा तोळा नऊ आण्यांना असला की मासा नऊ पयांना. सोने महाग, त्याचा भाव रुपयांत. तिथे तोळ्याचे ३२ वाल धरायचे. ३२ चा सोळावा भाग दोन, म्हणून तोळ्याला जितके रुपये तितके आणे दोन वालांना.

जुनी वजने म्हणजे निव्वळ गोंधळ, दशमान पद्धत आली आणि सगळे सुटसुटीत झाले, असे आपल्या मनावर लहानपणापासून ठसलेले आहे. मला हे अर्धेच खरे वाटते. गोंधळ होता आणि मोठा होता, त्याकडे पुढे वळूच. पण मण, शेर, छटाक ही उतरंड आतून अतिशय विचारपूर्वक बांधलेली होती. वजन आणि नाणे एकमेकांत गुंफलेले होते, आणि दोन्ही अशा तऱ्हेने की अक्षरशत्रू माणसालाही फसवणूक ओळखता यावी.

उतरंड अशी: पाच तोळ्यांचा छटाक, दोन छटाकांचा अदपाव, दोन अदपावांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर, दोन अच्छेरांचा शेर. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. पाच शेरांची पासरी, ४० शेरांचा मण, २० मणांची खंडी. पक्का मण ३७.३२ किलोंचा होतो.

तोळ्याच्या वरची पहिली पायरी सोडली, तर छटाकापासून शेरापर्यंत प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट आहे. याचे कारण तराजूत आहे. दोन पारड्यांच्या तराजूला मोजता येत नाही, त्याला फक्त समान आहे की नाही एवढेच कळते. शेरभर वाळू घ्या आणि दांडी समतोल होईपर्यंत दोन्ही पारड्यांत वाटा. प्रत्येक पारड्यात अच्छेर येईल. त्यातली एका पारड्यातली वाळू पुन्हा तशीच वाटली की पावशेर. जवळ एकच खरे वजन असले तरी कोणत्याही खेड्यात त्याखालची सगळी वजने तयार करता येत आणि शंका आली तर पडताळताही येत. दहा समान भाग करायला हाच तराजू फार छळतो.

दुप्पट वाढीचा दुसरा फायदा वजनांच्या संख्येत आहे. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर आणि शेर अशी प्रत्येकी एक, एकूण पाचच वजने दुकानात असली, तर एका छटाकापासून ३१ छटाकांपर्यंतचे प्रत्येक वजन तोलता येते. किलोच्या संचात २०० ग्रॅमचे वजन दोनदा ठेवावे लागते, ते याच कारणाने. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. मोहेंजोदडो, हडप्पा, लोथल इथल्या उत्खननांत चर्ट दगडाचे घासून गुळगुळीत केलेले घनाकृती ठोकळे मिळाले. त्यांची वजने १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशीच चढत जातात. त्यातला सोळापटीचा ठोकळा सुमारे पावणेचौदा ग्रॅमचा भरतो. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणी तरी तराजूचा स्वभाव ओळखला होता.

मराठी मुलांना पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकावी लागे, तेही यासाठीच. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे पाठांतर म्हणजे डोक्याला ताप असे आज वाटते, पण बाजारात अर्ध्या-पावाचाच व्यवहार चाले, आणि सवायकी येणाऱ्या मुलाला सव्वा शेराचा भाव फसवू शकत नसे.

आता सोनाराच्या काट्याकडे वळू. तिथे सुरुवात गुंजेपासून होते. गुंजेचा वेल कुंपणावर चढतो, शेंग तडकली की लालभडक, टोकाला काळा ठिपका असलेल्या बिया दिसतात. याच वेलाचा गोडसर पाला विड्यात घालतात. बी मात्र विषारी, फोडून पोटात गेली तर जिवावर बेतते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. दुसऱ्या वाटेने तीन गुंजांचा वाल आणि ३२ वालांचा तोळा. उत्तर तेच ९६. गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची भरते. सगळ्या गुंजा हुबेहूब एका वजनाच्या असतात ही समजूत खरी नाही. मूठभर गुंजा आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक करून ठेवल्या की फरक लगेच दिसतो. पण बी टणक असते, लवकर झिजत नाही, आणि पाच-पन्नास बिया एकत्र तोलल्या की कमी-अधिक एकमेकांत भरून निघते. हे व्यवहाराला पुरेसे होते.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त पाच गुंजांचा सुवर्णमाषक आणि १६ माषकांचा सुवर्ण सांगितला आहे. म्हणजे तिथे ८० गुंजा होतात. पुढे माशाच्या गुंजा बदलल्या, तोळ्याचे मासे बदलले, गुंज टिकली. त्याच ग्रंथात मापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि द्रोण या मापाचे चार प्रकार आहेत. सरकारात धान्य घेताना द्रोण २०० पलांचा, व्यापारात १८७.५, नोकरांना देताना १७५ आणि अंतःपुरासाठी १६२.५ पलांचा. घ्यायचे माप मोठे, द्यायचे लहान, आणि हे चोरून नव्हे तर नियम म्हणून. मापाचा आकार कोण ठरवतो, हा प्रश्न सत्तेचा आहे हे यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

तोळ्याचा आकार इंग्रजांनी ठरवला. १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये नियम करून तोळा १८० ग्रेनचा केला आणि रुपयाचे वजनही तेवढेच ठेवले. १८३५ मध्ये कंपनी सरकारच्या सगळ्या मुलखासाठी तसाच रुपया निघाला. यामुळे एक मोठी सोय झाली. प्रत्येकाच्या कनवटीला असलेला चांदीचा रुपया हेच ११.६६ ग्रॅमचे, सरकारी शिक्क्याचे वजन झाले. राणीछाप रुपये पारड्यात टाकून चांदी, केशर, औषधी तोलत. पाच रुपये टाकले की छटाक, ८० टाकले की शेर. ‘रुपयाभार’ हे माप यातूनच घरोघर गेले. १९४० नंतर रुपयातली चांदी निम्म्यावर आली, तरी वजन तेच ठेवले गेले. टपालखातेही तोळ्यावरच चाले: १८५४ च्या ऑक्टोबरात देशभर एकच दर लागू झाला तेव्हा पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा पडे, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला.

आज सराफाच्या दुकानात ‘तोळा’ म्हटले की १० ग्रॅम धरतात. हे ध्यानात ठेवावे, कारण यात पैसे आहेत. जुन्या वाटणीपत्रात किंवा आजीच्या वहीत ‘पाटल्या २० तोळे’ असे लिहिलेले असेल, तर ते २०० ग्रॅम नव्हेत, २३३ ग्रॅम आहेत. फरक आजच्या तीन तोळ्यांहून अधिक आहे. दुबईहून येणारे सोन्याचे बिस्कीट मात्र जुन्याच तोळ्याने दहा तोळ्यांचे असते, ११६.६४ ग्रॅमचे.

सोने तोलत, धान्य मापत. हा भेद आज पुसला गेला आहे आणि जुने कागद वाचताना सर्वांत जास्त घोटाळा याच जागी होतो. महाराष्ट्रात शेर दोन होते. एक वजनाचा, दुसरा मापाचा. मापाच्या शेराची स्वतंत्र उतरंड होती: दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. इथेही प्रत्येक पायरी दुपटीची आहे. पायलीच्या वर मात्र गावागणिक वाट फुटते. कुठे १२ पायल्यांचा मण, कुठे १६ पायल्यांचा. कोकणात आणि गोव्यात मध्ये कुडव येतो.

खळ्यावर तराजू बांधणे जिकिरीचे, आणि शंभर मण ज्वारी पासरी-पासरीने तोलायला दिवस पुरत नाही. पायली मात्र एका हाताने भरायची, दुसऱ्याने सपाट करायची आणि ओतायची. बलुतेदारांचे बलुते, मजुरांची मजुरी, देवाचा वाटा, सावकाराची फेड हे सारे खळ्यावरच पायलीने चुकते होई. मापारी पहिली पायली ओतताना ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन, चार. राशीला एकटेपणाचा अपशकुन नको म्हणून. हे मला फार सुंदर वाटते. हिशेबाच्या पहिल्या आकड्याच्या जागी शुभेच्छा ठेवणारी माणसे होती ती.

पण याच मापात लुबाडणुकीलाही जागा होती. पायली सपाट भरायची की शिगेची, हा वाद जुना आहे. शीग म्हणजे काठाच्या वर उभा राहणारा धान्याचा ढीग. धान्याचे कण ठरावीक उतारापर्यंतच रचले जातात, त्यामुळे शीग किती उंच चढेल हे मापाच्या तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असते. पोटात सारखेच धान्य मावणारी दोन मापे घ्या, एक उभट आणि एक पसरट. सपाट भरली तर दोन्ही सारखी, शिगेने भरली की पसरट माप कितीतरी जास्त खाऊन जाते. धान्य उंचावरून ओतले किंवा माप भरताना हलके आपटले, तरी दाणे दाटून बसतात आणि जास्त मावते. म्हणून सावकाराचे घ्यायचे माप पसरट आणि द्यायचे उभट, ही शेतकऱ्याची तक्रार केवळ संशय नव्हता. त्यामागे भूमिती होती.

नव्या नवरीने उंबरठ्यावरचे तांदळाने भरलेले माप पायाने लवंडून घरात यायचे, ही प्रथा आजही पाळली जाते. माप नसले तर तांब्या ठेवतात. ज्या घरात धान्याने भरलेले माप म्हणजे त्या घराची ऐपत होती, तिथे ते नवरीच्या पावलाने आत सांडावे, यात त्या काळचे अर्थशास्त्र आणि स्वागत दोन्ही आले.

आता त्या गोंधळाकडे. शेर किती तोळ्यांचा, मण किती शेरांचा याला बंगालच्या नियमाने उत्तर दिले. ते साऱ्या देशाने ऐकले नाही. मुंबईच्या व्यापारात मण २८ पौंडांचा होता, म्हणजे १२.७ किलोंचा, पक्क्या मणाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा. तोही ४० शेरांचाच, त्यामुळे तिथला शेर सव्वासत्तावीस तोळ्यांच्या आसपास. या शेराचे ७२ टांक होत आणि त्याचा आठवा भाग नऊ टांकांचा. गुत्त्यावरचे नवटाक तिथले. मद्रासेचा मण २५ पौंडांचा. मुंबईची खंडी २० मणांची, ५६० पौंडांची. कापसाची खंडी मात्र २८ मणांची, ७८४ पौंड म्हणजे साधारण ३५६ किलो. एकाच बंदरात, एकाच पेढीवर, जिन्नस बदलला की खंडी बदले. मुंबई इलाख्यात १९३२ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला, तरी बाजाराची सवय एका कायद्याने मोडणारी नव्हती.

या गोंधळाचा फटका इतिहास वाचताना बसतो. शिवाजी महाराजांचे रायगडावरचे सिंहासन ३२ मण सोन्याचे होते, असे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत लिहिले आहे. हा आकडा घेऊन अनेक जण त्याला थेट ३७.३२ ने गुणतात आणि १,१९४ किलो सांगतात. मुंबईच्या मणाने गुणले तर ४०६ किलो येतात. पण ही दोन्ही परिमाणे इंग्रजांच्या दप्तरातली, आणि सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची. त्याच्या मणाला १८३३ चा नियम लावणे हे सरळसरळ चूक आहे. सिंहासनाचे वैभव किलोंत मांडायचा मोह सोडावा आणि सभासदाने लिहिले तसे ३२ मण म्हणावे, हेच प्रामाणिकपणाचे. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर असलेल्या हेन्री ऑक्झिंडन या इंग्रज वकिलाने महाराजांची सुवर्णतुला सुमारे १६,००० होनांची झाली असे नोंदवले आहे. त्यानेही वजन नाण्यांच्या संख्येत सांगितले, कारण त्या काळी सोने मोजायची तीच समजणारी भाषा होती.

वैद्यांनी मात्र हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला. भारत सरकारच्या आयुर्वेदीय योगसंग्रहात गुंज १२५ मिलिग्रॅम, मासा १ ग्रॅम, कर्ष म्हणजे तोळा १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम, कुडव १९२ ग्रॅम आणि प्रस्थ ७६८ ग्रॅम अशी परिमाणे ठरवून दिली आहेत. आकडे थोडे सरकवून पूर्णांकांत आणले, पण घटकांचे परस्पर प्रमाण मोडले नाही. काढ्यात कोणत्या द्रव्याला कोणते किती, हेच तिथे महत्त्वाचे असते.

दशमान पद्धत आली ती आधी नाण्यात. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. वजन-मापांचा कायदा १९५६ मध्येच संमत झाला होता. त्याची अंमलबजावणी १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक उद्योगांत आणि भागांत सुरू झाली, आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत किलो सर्वत्र सक्तीचा झाला. हा क्रम बरोबर होता. आणे गेले त्याच दिवशी मण-शेराचा कणा मोडला. १६ आणेच नाहीत म्हटल्यावर अडीच शेराची किल्ली कोणत्या कुलपाला लावणार? छटाकाचा भाव काढायला १०० ला १६ ने भागायचे, तर सव्वासहा पैसे. त्यापेक्षा ग्रॅम सोपा. दोन्ही पद्धती आपापल्या नाण्याशी जुळणाऱ्या होत्या, आणि गावोगावचे मण बंद होऊन सगळ्या देशाला एकच माप मिळाले, हा गरिबाचा मोठाच फायदा झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. पंढरपूरच्या शेतकऱ्याला मुंबईचा भाव ऐकून तो आपल्या मालाला लावता येऊ लागला.

तरी सगळे गेले नाही. पावशेर गेला आणि त्याच्या जागी पाव किलो बसला. भाजीवालीकडे आपण आजही २५० ग्रॅम मागत नाही. रुईचा भाव आजही खंडीवर, ३५६ किलोंवर निघतो. तोळा दहा ग्रॅमचा होऊन राहिला आहे. चुरमुरे अजूनही कित्येक आठवडी बाजारांत मापाने मिळतात, आणि ते योग्यच आहे. इतका हलका जिन्नस तोलण्यापेक्षा मापणेच सोपे.

जुन्या पाककृतींची वही घरात असेल तर दोन गोष्टी बघाव्यात. तांदूळ, डाळ, रवा, दूध यांच्यापुढे लिहिलेला शेर बहुधा मापाचा असतो, तर साखर, गूळ, तूप यांच्यापुढचा वजनाचा. दोन्हींना ९३३ ग्रॅम समजून पाक केला तर प्रमाण चुकते. दुसरे असे की वहीतली सगळी वजने शेर-छटाकांत असली, तर पावशेराचे २३३ ग्रॅम घ्या किंवा सोयीसाठी २५० घ्या, फरक पडत नाही, कारण सगळेच जिन्नस त्याच पटीत वाढतात. पण त्याच कृतीत कुठे ‘दोन वाट्या पाणी’ किंवा ‘चार केळी’ असे आले, की मग खऱ्या आकड्यावर यावे लागते: छटाक ५८ ग्रॅम, अदपाव ११७, पावशेर २३३, अच्छेर ४६७.